करंट दिला की डोमेन वॉल सरकते आणि परत जागेवर येते, काय चुकतंय?

रात्रपाळी_घुबड
मंडळी, एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे. ममॅक्समध्ये (चुंबकत्वाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) परमॅलॉयची (निकेल-लोखंडाचा चुंबकीय मिश्रधातू) वायर घेतलीय, रुंदी 100 नॅनोमीटर, जाडी 5, मधोमध एकच ट्रान्सव्हर्स डोमेन वॉल, म्हणजे उलटसुलट चुंबकत्वाच्या दोन भागांमधली सीमा, जिच्यात चुंबकत्व वायरला आडवं असतं. करंट डेन्सिटी चौरस मीटरला दहाचा बारावा घात अँपिअर, पल्स 5 नॅनोसेकंदांचा, आल्फा (डॅम्पिंग) 0.02, करंटचं स्पिन पोलरायझेशन 0.5. वॉल निघते मस्त, मग थबकते, आणि पल्स बंद झाला की निमूट परत मूळ जागी. चुंबकीय फील्ड लावलं की मात्र पळते व्यवस्थित. सर म्हणाले मेश (हिशेबासाठी वायरचे पाडलेले तुकडे) बारीक कर, केली, तीन रात्री गेल्या, ढिम्म फरक नाही.

कोकणी_भाऊ
झाय किती ठेवलायस? लिहिलाच नसशील तर ममॅक्स तो शून्य धरतो. मेशचा काही दोष नाही रे, हे फिजिक्सच आहे. इलेक्ट्रॉनचा स्पिन वॉलमधून जाताना वळतो आणि त्या टॉर्कने वॉल पुढे जाते, पण जाता जाता तिचं चुंबकत्व वायरच्या प्लेनबाहेर कलतं, ती अशी कलली की आतूनच उलटा जोर लागतो आणि दोन्ही बरोबरीत आले की थांबली. करंट गेला की कललेली सरळ होते, सरळ होताना तेवढीच मागे येते. झाय, म्हणजे पेपरांमधला बीटा, हा जोर फील्डसारखा सतत ढकलतो. वेग = बीटा भागिले आल्फा गुणिले यू, आणि यू (करंटने वाहणाऱ्या स्पिनचा वेग) तुझ्या आकड्यांत येतो सेकंदाला साधारण 36 मीटर.

बंड्या७७
मग सरळ फील्डच लाव की, कशाला डोकेफोड?

कोकणी_भाऊ
@बंड्या फील्डने शेजारच्या दोन वॉल एकमेकींवर आदळतात आणि बिट गायब. करंट सगळ्यांना एकाच दिशेला ढकलतो, भौतिकशास्त्रज्ञ स्टुअर्ट पार्किनच्या रेसट्रॅक मेमरीची (वायरीतल्या वॉल सरकवून डेटा साठवायची कल्पना) सगळी गंमत तीच.

सोल्डरताई
दिशा पण तपास हं. परमॅलॉयमध्ये वॉल इलेक्ट्रॉनांबरोबर जाते, म्हणजे करंटच्या उलट. प्लॅटिनमवर कोबाल्टचा पातळ थर असेल तर बहुतेक वेळा करंटच्याच दिशेने, कारण तिथे ढकलणारा प्लॅटिनममधला स्पिन हॉल करंट (करंटमुळे आडवा वाहणारा स्पिनचा प्रवाह). आणि सिम्युलेशनवाल्यांनो, तुमच्या त्या वायरमधून अर्धा मिलीअँपिअर जातोय! मी एकदा पल्सची लांबी टाकताना नॅनोच्या जागी मायक्रो टाकलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर वायरच्या जागी नुसते थेंब.

रात्रपाळी_घुबड
झाय 0.04 केला, निघाली!! पल्स संपल्यावरही जरा पुढे घरंगळली, एकूण सूत्राप्रमाणे (0.04/0.02 × 36 × 5) 360 च्या आसपास नॅनोमीटर. भाऊ, ताई, धन्यवाद. आता सरांना मेशचं काय सांगू?