मदत हवी आहे : दृष्टी गेलेल्या वडिलांना प्रजासत्ताक दिनाचे संचलन नीट सांगायचे आहे

नमस्कार.

माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली. दिल्लीतील २६ जानेवारीचे संचलन हा त्यांचा वर्षातला सर्वांत आवडता कार्यक्रम आहे, आणि पूर्वी ज्या खुर्चीत बसून ते तो पाहत असत, त्याच खुर्चीत बसून आता ते तो ऐकतात. गेल्या वर्षी मी शेजारी बसून त्यांना काय चालले आहे ते सांगण्याचा प्रयत्न केला, परंतु तो फारसा साधला नाही. चित्रवाणीवरचे निवेदन ज्याला पडदा दिसतो त्याच्यासाठी केलेले असते. जे दिसतेच आहे ते निवेदक सांगत नाही, आणि जे विधी सर्वांत गंभीर असतात त्या वेळी तो बहुधा गप्प असतो. आकाशवाणीचे धावते वर्णन पुष्कळ उपयोगी आहे, पण वडिलांचे प्रश्न त्याच्याही पुढचे असतात. त्यांचे कान आता इतके तयार झाले आहेत की मला न जाणवलेले फरक त्यांना जाणवतात, आणि त्यांचे कारण मला सांगता येत नाही.

मला जो क्रम माहीत आहे तो आधी लिहितो, म्हणजे चूक असल्यास दुरुस्त करता येईल. पंतप्रधान प्रथम राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र अर्पण करतात आणि तेथून कर्तव्यपथावरील सलामी मंचाकडे येतात. त्यानंतर राष्ट्रपती प्रमुख पाहुण्यांसह येतात, राष्ट्रध्वज फडकतो, राष्ट्रगीत होते आणि एकवीस तोफांची सलामी दिली जाते. मग हेलिकॉप्टरांतून पुष्पवृष्टी, परमवीर चक्र व अशोक चक्र मिळवलेल्या वीरांच्या जीपगाड्या, सैन्यदलांची व निमलष्करी दलांची पथके, चित्ररथ आणि शेवटी विमानांची सलामी, असा साधारण क्रम असतो.

आता त्यांचे प्रश्न. घोड्यांच्या टापा दोन वेगवेगळ्या वेळी ऐकू येतात, एकदा ध्वजाच्या आधी आणि एकदा संचलन सुरू झाल्यावर. हे घोडे एकाच तुकडीचे आहेत का? दुसरे म्हणजे, तोफांचा आवाज काही वर्षांपासून बदलला आहे असे ते ठामपणे म्हणतात आणि मी तो भास असावा असे म्हटल्यावर ते दुखावले गेले, याचे मला वाईट वाटते. तिसरा प्रश्न शब्दाचा आहे. मी सहज ‘ध्वजारोहण झाले’ असे म्हणालो, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि २६ जानेवारीला ध्वजारोहण होत नाही असे सांगितले. का, हे त्यांना आता आठवत नाही, आणि मला ते आधीही ठाऊक नव्हते.

कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे. जे कानांना ऐकू येते त्याचा अर्थ त्यांना सांगता यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपल्या वडिलांचे कान त्यांना फसवत नाहीत, हे प्रथम त्यांना सांगा. सलामीसाठी पूर्वी ब्रिटिश बनावटीच्या २५ पाउंडर तोफा वापरल्या जात असत. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनापासून त्यांच्या जागी १०५ मिलिमीटरच्या भारतीय बनावटीच्या तोफा आल्या आहेत. म्हणजे तोफ खरोखरच बदलली आहे. आणखी एक गोष्ट त्यांना आवडेल : ही सलामी राष्ट्रगीताशी जुळवलेली असते. राष्ट्रगीताचा पूर्ण अवधी ५२ सेकंदांचा आहे. पहिला बार गीताच्या आरंभी होतो आणि एकविसावा गीत संपताना. दोन-अडीच सेकंदांच्या अंतराने येणारे ते बार आणि बँडची लय त्यांना एकाच वेळी मोजता येईल. मला स्वतःला या सोहळ्यातला हाच भाग सर्वांत थरारक वाटतो, आणि तो समजण्यासाठी डोळ्यांची गरजच नाही.

घोड्यांविषयी : त्या दोन वेगळ्या तुकड्या आहेत. ध्वजाआधी ऐकू येतात ते राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडे. हे दल १७७३ साली उभे राहिले असून राष्ट्रपतींना मंचापर्यंत सोबत करणे आणि तेथे राष्ट्रीय सलामी देणे हे त्यांचे काम असते. २०२४ मध्ये राष्ट्रपती सुमारे चाळीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा घोड्यांच्या बग्गीतून संचलनाला आल्या, त्यामुळे टापांबरोबर चाकांचा आवाजही आता ऐकू येऊ शकेल. संचलन सुरू झाल्यानंतर जे घोडे येतात ते ६१ कॅव्हलरी या रेजिमेंटचे. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ साली ती उभारण्यात आली. टापांच्या मागोमाग रणगाड्यांची आणि इतर वाहनांची घरघर सुरू झाली, की सैन्याची यांत्रिक पथके आली असे समजावे. त्यानंतर पायदळाच्या तुकड्या एकामागून एक येतात, आणि प्रत्येक तुकडी मंचासमोर आली की ‘दाहिने देख’ हा हुकूम ऐकू येतो. त्या हुकुमावर तुकडीचे जवान मान उजवीकडे वळवून राष्ट्रपतींना मानवंदना देतात. तेवढा एक हुकूम पकडला तरी कोणती तुकडी कुठे आहे हे वडिलांना कळत राहील.

प्रतिसाद २

ध्वजाच्या शब्दाबाबत लिहितो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर ध्वज काठीच्या खालच्या बाजूस असतो आणि पंतप्रधान तो दोरीने वर चढवतात. तो वर जाणे म्हणजे आरोहण. २६ जानेवारीला ध्वज घडी घालून आधीच काठीच्या टोकाशी बांधलेला असतो आणि राष्ट्रपती दोरी ओढून तो फडकावतात. यामागची समजूत अशी की पहिल्या दिवशी पारतंत्र्य संपून नवा ध्वज वर चढला, तर दुसऱ्या दिवशी आधीच स्वतंत्र असलेल्या देशाने आपली राज्यघटना अमलात आणली. पंतप्रधान आणि राष्ट्रपती हा भेदही त्याच काळातून आला आहे, कारण १५ ऑगस्ट १९४७ रोजी राष्ट्रपतिपदच अस्तित्वात नव्हते; ते २६ जानेवारी १९५० रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या शपथविधीने सुरू झाले. राज्यांमध्ये तर १९७४ पूर्वी दोन्ही दिवशी राज्यपालच ध्वज फडकावत असत. तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी यांनी आग्रह धरल्यानंतर १५ ऑगस्टचा मान मुख्यमंत्र्यांकडे आला.

तरीही आपण चूक केली असे मी म्हणणार नाही. मराठी वृत्तपत्रांत दोन्ही दिवशी सर्रास ‘ध्वजारोहण’ हाच शब्द छापला जातो. वडिलांचा शब्दावरचा कटाक्ष मात्र मला फार आवडला, आणि घरात तरी तो पाळावा असे सुचवतो.

प्रतिसाद ३

आपल्या क्रमात युद्ध स्मारकाचा उल्लेख एका वाक्यात आला आहे, पण ऐकणाऱ्यासाठी तो भाग फार मोठा आहे. तेथे बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, त्यानंतर दोन मिनिटे संपूर्ण शांतता असते आणि मग ‘राउज’ वाजते. ही शांतता म्हणजे प्रक्षेपणातला खंड नव्हे, हे त्यांना आधी सांगून ठेवा आणि त्या दोन मिनिटांत आपणही काही बोलू नका. २०१९ पर्यंत हा विधी इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीपाशी होत असे. २०२० पासून तो नव्या स्मारकावर होतो.

शिवाय २९ जानेवारीच्या संध्याकाळी विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ त्यांना अवश्य ऐकवा. सूर्यास्ताचा बिगुल वाजला की लढाई थांबवून सैन्याने छावणीत परतायचे, या जुन्या प्रथेवरून तो सोहळा आला आहे. तिन्ही दलांची आणि निमलष्करी दलांची बँडपथके त्यात असतात, म्हणजे जवळजवळ सर्वच काही श्राव्य आहे. त्यांनी तो पूर्वी ऐकला असेल तर एक फरक त्यांच्या लक्षात येईल : गांधीजींना प्रिय असलेली एक ख्रिस्ती प्रार्थनेची धून अखेरीस घंटानादासह वाजत असे, ती २०२२ पासून वगळण्यात आली आहे.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. तोफांच्या बदलाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि नंतर माझा हात हातात घेऊन बसले. मी त्यांची क्षमा मागितली. घंटांची धून त्यांना चांगली आठवते, आणि ती आता वाजत नाही हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

यंदा मी असे ठरवले आहे की राष्ट्रगीत आणि युद्ध स्मारकावरचा विधी या दोन वेळी अजिबात बोलायचे नाही. टापा, हुकूम आणि वाहने यांच्या आधी एखादे वाक्य सांगायचे आणि चित्ररथांच्या वेळी मात्र सविस्तर वर्णन करायचे, कारण तेथे आवाजावरून काहीच कळत नाही. २०१५ साली पहिला क्रमांक मिळवलेला महाराष्ट्राचा पंढरीच्या वारीचा चित्ररथ त्यांनी स्वतः पाहिलेला आहे, त्यामुळे रंग आणि आकार सांगताना त्याच्याशी तुलना करता येईल.

चित्ररथांचे असे वर्णन कोणी घरातल्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी केले असेल, तर आधी काय सांगावे, रथाचा पुढचा भाग की एकूण विषय, हे कृपया लिहावे. एक रथ समोरून जाईपर्यंत फार थोडा वेळ मिळतो आणि गेल्या वर्षी माझी वाक्ये अर्धीच राहिली होती.