'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर

@धागाकर्ती, तुमचा भाचा मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर जन्मगावापासून सुरू करतो, हे वाचून हसू आलं. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीत ट्रेनीच्या मुलाखतींना मी बसतो, निम्मी पोरं हेच करतात. बायोडाटा आमच्यासमोरच असतो की!

मागे एका डिप्लोमाच्या पोराने दोनच वाक्यांत शिक्षण उरकलं आणि थेट प्रोजेक्टवर आला. कॉलेजच्या पंपाचं बेअरिंग सारखं जायचं. सगळे नवीन बेअरिंग बसवून मोकळे व्हायचे. याने मोटर आणि पंपाच्या शाफ्टची अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही दांडे एका रेषेत आहेत का, ते तपासलं, ती सरळ केली, मग बेअरिंग टिकलं. अडचण काय, याने स्वतः काय केलं, पुढे काय झालं, सगळं दीड मिनिटात. 'आम्ही केलं' नाही, 'मी केलं'. भाच्याकडून असे तीन-चार किस्से कागदावर लिहून घ्या. 'टीममध्ये भांडण झालं तर?', 'कधी चुकलात का?' यालाही तेच कामी येतात. पाठ मात्र करू नये, मधेच टोकलं की गाडी रुळावरून उतरते.

कमजोरी विचारली की 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' नको हो, कान किटले. खरी, पण सुधारता येणारी सांगावी.

पगाराचं बोलताना सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम वेगळी, हे ध्यानात असू द्या. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो.

आणि हो, मुलाखतीच्या दिवशी वर्धा रोडवरच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून नागपुरातल्या बर्डीवरून लवकर निघायला सांगा.