विषय: बाबांच्या गाडीची पुढची काच, ओरखडे जातात का?

नमस्कार मंडळी,
जरा विषय सोडून विचारतेय, पण आपल्यातले बरेच जण हिवाळ्यात ठाण्याला असतात म्हणून. बाबांची गाडी घोडबंदर रोडला सोसायटीत उघड्यावर असते, मेट्रोच्या कामाची सगळी धूळ तिच्यावर आणि सकाळी गाड्या पुसणारा मुलगा ती धूळ कोरड्या फडक्यानेच पुसतो. आता वायपर फिरतो तिथे अर्धगोल रेघा आणि बाकी काचभर बारीक बारीक गोल चरे. रात्री समोरून हेडलाइट आला की काच नुसती पांढरी होते म्हणे, तरी बाबा मानपाड्यापर्यंत चालवत जातात, मला इथे झोप लागत नाही. टूथपेस्टने खरंच जातं का?

——
ताई, टूथपेस्ट नको, आणि रंगाचं रबिंग कंपाउंड पण नको, काच त्याला दाद देत नाही. काचेला सिरियम ऑक्साइडच लागतं. पावडर मिळते, ती पाण्यात ताकाइतपत पातळ कालवायची, पॉलिशिंग मशीनला फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) पॅड लावून कमी स्पीडवर फिरवायची, एका जागी थांबायचं नाही आणि काच सतत ओली ठेवायची, कारण पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, एकाच ठिकाणी तापली तर तडा जाऊ शकतो. उन्हात तर मुळीच करू नका.
पण त्याआधी बाबांना नख फिरवून बघायला सांगा. नख अडकत नसेल तर बारीक चरे बऱ्यापैकी कमी होतील, वेळ मात्र खूप जातो. अडकलं तर तिथे हात लावू नका! तेवढा खोल ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूची काच पण झिजवायची, मग तिथे खळगा पडतो आणि समोरचा रस्ता वाकडा दिसतो. नेमका ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर असेल तर सरळ काच बदला, माझं स्पष्ट मत आहे.

——
काका म्हणतात ते बरोबर, फक्त एक. आमच्याकडे खारघरला टँकरच्या पाण्याने गाडी धुतात, त्याचे क्षार काचेवर बसतात आणि ते पण रात्री असेच चमकतात. आधी पांढऱ्या व्हिनेगरचं ओलं फडकं थोडा वेळ ठेवून पुसून बघा, गाडीच्या रंगावर ओघळू देऊ नका, नंतर साध्या पाण्याने धुवा. डागच असतील तर निघतील, पॉलिशची गरजच नाही. इन्शुरन्सच्या भरवशावर मात्र राहू नका, रोजच्या झिजेला क्लेम मिळत नाही. आणि वायपरची रबरं बदलाच, रबर झिजून खालची पट्टी टेकली की नवीन काचेवर पण तीच रेघ.

——
काका, दादा, मनापासून आभार. बाबांनी नख फिरवलं, वायपरच्या रेघेत अडकतंय आणि ती बरोबर स्टिअरिंगसमोर आहे. म्हणजे काचच बदलायची. कापूरबावडी किंवा माजिवड्याच्या बाजूला काच नीट बसवणारं कोणी खात्रीचं माहीत असेल तर कळवा, पावसात कडेने पाणी यायला नको. त्या मुलाला आधी पाणी मारून मगच पुसायला सांगितलंय, आणि काच होईपर्यंत रात्री रिक्षाने जा म्हटलं तर बाबा हो म्हणालेत.