मेहदी महदवीकिया: विंगर ते मुलांचा कोच. जाणकारांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता
इराणचा विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू) महदवीकिया म्हटले की 21 जून 1998 चा ल्योंमधला सामना आठवतो. विश्वचषक, समोर अमेरिका, इराण 1-0 ने पुढे, 84वे मिनिट. तो मोकळ्या जागेत चेंडू घेऊन सुसाट सुटला आणि कीपर केसी केलरला चकवून त्याने दुसरा गोल केला. सामना इराणने 2-1 ने जिंकला. पुढे जर्मन क्लब: आधी बोखुम, 1999 ते 2007 हॅम्बुर्ग, मग फ्रँकफुर्ट. 2003 मध्ये आशियाचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू. 2013 मध्ये तेहरानच्या पर्सेपोलिस क्लबकडून खेळून निवृत्त झाला. नंतर हॅम्बुर्गच्या युवा विभागात कोच, इराणमध्ये स्वतःची 'किया' अकादमी आणि 2021-22 मध्ये इराणच्या 23 वर्षांखालील संघाची जबाबदारी.

असा वेग शिकवता येत नाही, मग विंगरने मुलांना शिकवायचे तरी काय? मुलांना घडवणाऱ्यांनी इथे लिहावे. आठवणी नकोत, पद्धत, मापे आणि नेमके कुठे बिघडते ते हवे.

उजवी बगल
वेग शिकवता येत नसला तरी क्रॉसच्या (कडेवरून गोलसमोर दिलेल्या चेंडूच्या) आधीचा शेवटचा टच (चेंडूला पायाचा स्पर्श) नक्की शिकवता येतो, आणि विंगरचे अर्धे काम तिथेच असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी 4 नंबरचा चेंडू आणि साधारण 70 बाय 50 मीटरचे मैदान घ्या. क्रम असा ठेवा: आधी मान वर करून आत कोण धावतेय ते बघायचे, मग शेवटचा टच, मग क्रॉस. बहुतेक मुले टच झाल्यावर बघतात, तोवर बचावपटू अंगावर आलेला असतो.

शेवटच्या टचने चेंडू एक पाऊल पुढे आणि किंचित बाहेर पडला पाहिजे. पायाखाली राहिला तर क्रॉस पहिल्याच बचावपटूला लागतो. फार पुढे गेला तर मुलगा ताणून मारतो आणि चेंडू गोलमागे जातो. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला हवा आणि त्याचा चवडा लक्ष्याकडे. या वयात उंच क्रॉसचा हट्ट धरू नका. पायात तेवढी ताकद नसते, आणि आत लहान मुले हेडर मारत बसतात तेही नको. गोलरेषेजवळून पेनल्टी स्पॉटकडे जमिनीलगत मागे दिलेला पास पुरेसा आहे.

आधी बचावपटूशिवाय दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा. मग बचावपटूला दोन मीटर मागून सोडा. शेवटी आत तीन धावणारे: जवळचा खांब, पेनल्टी स्पॉट, लांबचा खांब. एका रांगेत चारपेक्षा जास्त मुले नकोत, नाहीतर तासाभरात प्रत्येकाला मोजकेच चेंडू मिळतात. मुले जास्त असतील तर दोन ठिकाणी सराव लावा.

शिट्टी
वरच्यात एक भर. मोठा खेळाडू कोच झाला की पहिली अडचण प्रात्यक्षिकाची येते. तो सामन्याच्या वेगाने करून दाखवतो, मुले थक्क होतात, पण पाय कुठे पडला ते कुणालाच दिसत नाही. आधी चालत दाखवा, मग अर्ध्या वेगाने, मग पूर्ण. बोलणे अर्ध्या मिनिटात आटोपा आणि एका वेळी एकच दुरुस्ती सांगा.

दोन थरांचा चेंडू
इराणी मुलांची चेंडूवरची पकड समजून घ्यायची तर तिथला गल्लीतला 'गोल कुचिक' बघायला हवा. छोटे गोल, प्रत्येक बाजूला तीन-चार जण, खाली डांबर. प्लास्टिकचा स्वस्त चेंडू हलका असल्याने वाऱ्यावर भरकटतो. म्हणून दोन चेंडू घ्यायचे, एकाला पात्याने चीर द्यायची आणि ते कवच ताणून दुसऱ्या फुगलेल्या चेंडूवर चढवायचे. चीर लहान राहिली तर आतला चेंडू शिरत नाही, फार लांब झाली तर कवच खेळताना सटकते. दोन थरांमुळे वजन वाढते, उसळी कमी होते आणि चेंडू पायाशी राहतो. अकादमीच्या गवतावर हे आपोआप मिळत नाही. त्यासाठी 3 विरुद्ध 3, चार छोटे गोल असा खेळ मुद्दाम लावावा लागतो. जर्मनीत लहान गटांसाठी आता हाच प्रकार रूढ आहे.

फातोर्डा गॅलरी
गोंयकारांनी या इराणी घडणीचे फळ घरीच पाहिले आहे. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात अब्बास चमनियान यांच्या संघाने मडगावला गिनीला 3-1, जर्मनीला 4-0, कोस्टा रिकाला 3-0 आणि मग मेक्सिकोला 2-1 हरवले. उपांत्यपूर्व फेरीत कोचीमध्ये स्पेनने त्यांना 3-1 ने रोखले. जर्मनीविरुद्ध युनेस देल्फीने दोन गोल केले. पण एवढ्यावरून सरळ रेषा ओढू नका. 2022 च्या 23 वर्षांखालील आशियाई स्पर्धेत महदवीकियाचा संघ गटातच बाद झाला. मुले घडवायला वर्षे लागतात. राष्ट्रीय संघाच्या कोचला हाताशी मिळतात ती थोड्या दिवसांची शिबिरे.

फिजिओ
वेगवान मुलांबद्दल थोडे. साधारण चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते आणि तोच मुलगा अचानक अडखळू लागतो. कोचला वाटते आळस आला. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल तर स्प्रिंट आणि उड्या लगेच कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा, म्हणजे बदल आधीच कळतो.

निवड समिती
वयाचा प्रश्न आलाच आहे तर लिहितो. 2009 पासून फिफा 17 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात वय तपासायला मनगटाचा एमआरआय वापरते. हाडाची वाढरेषा पूर्ण जुळलेली दिसली तर खेळाडू बाद. अकादमीत मात्र त्रास वेगळा असतो. एकाच वर्षात जन्मलेल्यांत जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून अंगाने भरलेला, म्हणून वेगवान. आणि विंगर निवडताना डोळा वेगावरच जातो. चाचणीच्या दिवशी बिबचे (अंगावर चढवायच्या सरावाच्या बंडीचे) नंबर जन्मतारखेच्या क्रमाने द्या, सर्वात मोठ्याला 1. मग 22 नंबरचा मुलगा 2 नंबरच्याशी धावण्यात थोडा मागे पडला तर का पडला ते निवडणाऱ्याला जागेवरच दिसते, आणि त्याचा टच कसा आहे याकडे लक्ष जाते.