पर्ल शिकायला आधी लिनक्स टाकायलाच हवं का?

अक्षरवेडी:
कुणी पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा शिकायची म्हटलं की सल्ला ठरलेला, ‘आधी लिनक्स टाक.’ मला तो साफ चुकीचा वाटतो. ज्या मशीनवर तुमच्या फायली आहेत तिथेच सुरुवात करा. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल युनिक्सवर (लिनक्स ज्याच्या धर्तीवर आहे त्या सिस्टिमवर) आणलं हे खरं, पण आज विंडोजसाठी स्ट्रॉबेरी पर्ल ही तयार आवृत्ती आहे. त्यासोबत सी कंपायलरही येतो, म्हणून सीपॅन या पर्लच्या ऑनलाइन संग्रहातली बरीच मोड्यूल्स (तयार कोडचे संच) तिथेच बांधता येतात. आपल्याच शंभर फायलींची नावं एका झटक्यात बदलली की जी गोडी लागते, ती दुसऱ्याच्या सिस्टिमवरच्या सरावाने लागत नाही.

टर्मिनलप्रेमी:
अजिबात पटलं नाही. नवख्याला भाषा शिकायची असते, सिस्टिमचे रुसवेफुगवे सांभाळायचे नसतात. बहुतेक ठिकाणी वन-लायनर (टर्मिनलवर थेट लिहायचे एका ओळीचे प्रोग्राम) एकेरी अवतरणांत दिलेले असतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला ती अवतरणं म्हणून कळतच नाहीत, दुहेरी लागतात. सगळ्या फायलींसाठी तारांकन (*) दिलं तर लिनक्सचा शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) यादी करून देतो, कमांड प्रॉम्प्ट मात्र नुसता तारा पर्लच्या हाती ठेवतो. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. मी शिकवलेल्या दोघांनी याच पायरीवर पर्ल सोडलं. अजून वाईट वाटतं.

अक्षरवेडी:
मग वन-लायनरपासून सुरुवातच कशाला? कोड फाइलमध्ये लिहा, अवतरणांचा प्रश्न मिटतो. फायलींच्या यादीसाठी पर्लचं स्वतःचं ग्लॉब हे फंक्शन आहेच. फाइलच्या सुरुवातीला ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ लिहा, म्हणजे पर्ल चुका दाखवून देतं. पर्ल ५.३६ किंवा पुढचं असेल तर ‘यूज व्ही५.३६’ या एका ओळीत दोन्ही चालू होतात.

जुनी_स्क्रिप्ट:
तुम्ही दोघं एकाच मशीनबद्दल बोलताय. खरी फजिती फाइल इकडून तिकडे नेताना होते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट मी लिनक्सवर नेली. शेबँगची ओळ (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने, म्हणजे इंटरप्रिटरने, चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) बरोबर, चालवायची परवानगी दिलेली, तरी ‘बॅड इंटरप्रिटर’ ही चूक. अख्खी दुपार गेली. विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन न दिसणारी अक्षरं घातली होती. लिनक्सला फक्त एलएफ हवं असतं, त्यामुळे तो सीआर इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग धरला गेला. डोळ्यांना काहीच दिसत नाही! एडिटरमध्ये ओळशेवट एलएफ ठेवा. पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) उलट्या तिरक्या रेघा (\) लिहू नका. पर्लला विंडोजवरही सरळ तिरकी रेघ (/) चालते, आणि पाथ जोडणारं फाइल-स्पेक मोड्यूल पर्लसोबतच येतं.

टर्मिनलप्रेमी:
हेच तर म्हणतोय! पहिल्या आठवड्यात हे सगळं डोक्यावर का घ्यायचं? रेगेक्स (मजकूर शोधायचे नमुने) आणि हॅश (नाव आणि किंमत यांच्या जोड्या) आधी पक्के होऊ देत.

जुनी_स्क्रिप्ट:
कारण सवयी पहिल्याच आठवड्यात लागतात. मात्र लिनक्सवाल्यांनाही एक सांगणं आहे: सिस्टिमसोबत आलेल्या पर्लमध्ये मोड्यूल्स कोंबू नका. सिस्टिमची स्वतःची कामं त्यावर चालतात. पर्लब्रू या साधनाने स्वतःचं वेगळं पर्ल बसवा. मॅकवाल्यांनी तर नक्कीच. पुढच्या आवृत्त्यांमध्ये पर्ल सोबत येणार नाही, असं ॲपलने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय.

टर्मिनलप्रेमी:
पर्लब्रूचं मान्य. ओळशेवटाचंही पहिल्याच दिवशी सांगेन. पण वन-लायनर मी सोडणार नाही, आणि त्यासाठी शिकणाऱ्याला लिनक्सच देणार.