दुकानातला 'ड्वार्फ' सिक्लिड: नक्की कुठला धरायचा?

पाणमांजर
टँक 24×12×12 इंच, म्हणजे हिशेबाने 56 लिटर. वाळू-दगड टाकल्यावर पाणी 45 च्या आसपास. दुकानात 'ड्वार्फ' (बुटके) लिहिलेल्या एकाच टाकीत सिक्लिड कुळातले चार मासे: जर्मन रॅम, क्रिब, कन्व्हिक्ट आणि यलो लॅब, सगळे 3-4 सेंमीचे. यातले खरे ड्वार्फ कुठले? पाणी पुणे कॉर्पोरेशनचं, उन्हाळ्यात टँकर.

शेवाळ
ड्वार्फ हा काही शास्त्रीय गट नाही, हौशी लोकांनी पाडलेलं नाव आहे. रूढ मोजमाप असं: पूर्ण वाढलेला नर, शेपूट सोडून, 10 सेंमीच्या आत. शेपूट सोडायची कारण चेकरबोर्डसारख्या ड्वार्फ सिक्लिडच्या नराची निम्मी ऐट शेपटीतच असते.

रॅम 5-6 सेंमी, प्रश्नच नाही. क्रिबचा नर 10 ला टेकतो, मादी लहान. काठावरचा आहे, पण धरतात. कन्व्हिक्ट 12-15 होतो, बाद. त्याची मादी 4-5 सेंमीलाच अंडी घालते आणि पोटावर नारिंगी खवले येतात, म्हणून 'पूर्ण वाढलाय' म्हणून सहज खपतो.

गाळणी
फूटपट्टीने निम्मंच उत्तर मिळतं. यलो लॅब 10 सेंमीच्या आसपास, सौलोसी तर त्याहून लहान, तरी त्यांना ड्वार्फ म्हणत नाहीत. ते आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड. दोन फुटांत एक नर दादा होतो आणि बाकीचे हीटरमागे फाटक्या परांनी उभे. त्यांना गर्दी आणि चार फुटी टँक लागतो.

मी बघतो ते एवढंच: जोडीने अंडी घातल्यावर इतर माशांना जागा उरते का? रॅम किंवा अपिस्टो (तसाच एक ड्वार्फ) थोडा तळ अडवतात, वरचं पाणी टेट्रासारख्या थव्याने फिरणाऱ्या छोट्या माशांना मोकळं. कन्व्हिक्ट अख्खा टँक सातबाऱ्यावर चढवतो.

शेवाळ
क्रिबलाही फार साधा समजू नका. पिल्लं असताना सोबत कॉरी (तळाशी चरणारे छोटे मासे) नकोत. कॉरीला हद्द कळत नाही, रात्री चरत चरत तिकडे जातात आणि क्रिबच्या हल्ल्यात डोळे गमावतात.

शंखोबा
आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचे मल्टी, तेही सिक्लिडच, राहिले की! नर जेमतेम 4-5 सेंमी, वसाहत करून शंखात राहतात. 5 सेंमी बारीक वाळू, माशामागे दोन-तीन गोगलगायींचे उकळलेले रिकामे शंख, झालं. यांना जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी हवं. खडकवासल्याचं त्या मानाने मऊ, तेव्हा फिल्टरमध्ये कोरलचा चुरा भरा.

रॅमचं उलट. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर बुडवा. टँकमधल्या आकड्यापेक्षा फार वर असेल तर एका वेळी 10 टक्क्यांहून जास्त बदलू नका.

पाणमांजर
मग रॅमची एक जोडी आणि वर टेट्रा. हीटर किती वॅटचा?

गाळणी
100. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी बरंच उतरतं आणि रॅमला 27-28 अंश लागतात. टेट्रा रमीनोज घ्या, निऑनला तेवढी ऊब सोसत नाही.