रिपेअरिंगचं बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं की गाडी विकायची, हा नियम काढला कोणी?

चौथा_गिअर

परवा कोरी_करकरीत यांनी इथंच लिहिलं होतं की "दहा वर्षं झाली की छोटी गाडी काढून टाकायची, त्यापुढे ती तुमची राहत नाही, मेकॅनिकची होते. आणि एका रिपेअरिंगचं बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं तर दुसरा विचारच करायचा नाही." तिथंच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून वेगळा धागा.

माझी हॅचबॅक सतरा वर्षांची आहे. पॉवर विंडो फक्त पुढे, त्यातली डावीकडची काच वर येताना हाताने ओढून मदत करावी लागते. मागच्या वर्षी क्लच, पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश असं सगळं एकदम निघालं. बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या बरंच वर. म्हणजे नियमाप्रमाणे मी तेव्हाच विकायला हवी होती. पण गाडीची किंमत विकणाऱ्याच्या कामाची, मी विकत कुठं होतो? माझ्यापुढचा प्रश्न एवढाच की तेवढ्याच पैशात पुढची तीन वर्षं चालेल अशी दुसरी कुठली गाडी मिळते. मिळत होती ना, दुसऱ्या कुणाची तरी सतरा वर्षांची! तिचा क्लच कधी जाणार ते देवाला माहीत. माझा कधी बसवला ते मला माहीत आहे.

आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जी धाडकन पडते, तिचं बिल कोणी हातात देत नाही म्हणून ती कुणाला दुखत नाही. आम्ही क्लच बदलला की मात्र "अजून किती घालणार त्या खटाऱ्यात?"

कोरी_करकरीत

माझ्या नावाने धागा निघाला, आनंद झाला. तुमच्या हिशेबात पैसे आहेत, माणूस कुठंय?

माझी आधीची गाडी अकरा वर्षांची होती. रात्री साडेदहा, मी एकटी, मागच्या सीटवर चार वर्षांचा मुलगा झोपलेला. काही खडखड नाही, दिवा नाही, इंजिन एकदम गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड, ब्रेक दोनदा दाबला की तोही दगड. कशीबशी कडेला घेतली. टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा, तुटला होता, झडपा पिस्टनवर आपटून वाकल्या. मुलगा उठून विचारतोय "आई, घर आलं का?" त्या दोन तासांची किंमत तुमच्या वहीच्या कुठल्या रकान्यात घालायची ते सांगा.

सुरक्षिततेचं तर कुणी बोलतच नाही. 2017 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एनकॅपने (गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणारी संस्था) 1998 ची कोरोला आणि 2015 ची कोरोला ताशी 64 किलोमीटरने एकमेकींवर आदळवल्या. जुनीला 16 पैकी अर्धासुद्धा गुण नाही, नवीला जवळपास 13. तेच नाव, तोच छोट्या गाडीचा वर्ग. तुमची डावीकडची काच हाताने वर येते हो, पण दाराचा पत्रा आत आला तर तो हाताने बाहेर ढकलणार का?

डिपस्टिक

बेल्ट शेवटचा कधी बदलला होता?

कोरी_करकरीत

आलात का! विकणाऱ्याने "झालंय, काळजी नको" सांगितलं होतं.

डिपस्टिक

म्हणजे बदलला नव्हता. मग गाडीच्या वयाला दोष का देता, बेल्टच्या वयाला द्या. रबराची वस्तू आहे, ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायची. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर वॉटर पंप, सगळं एकत्र, कारण मजुरी उघडण्याची असते. पाच वर्षांची गाडीसुद्धा हे टाळून चालवली तर असंच होईल.

लोकांना किलोमीटर कळतात, वर्षं कळत नाहीत हे माझं जुनं दुखणं आहे. "गाडी फिरलीच नाही हो, टायर नव्यासारखे." टायरवर चार आकडे असतात ते वाचा. 3414 म्हणजे 2014 चा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, रबर लाकूड झालेलं असतं, पावसात ब्रेक दाबून बघा. ब्रेक ऑईल तर कुणी बदलतच नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 प्रकारचं ऑईल ताजं असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ते उकळलं की पेडल सरळ खाली जातं. मग म्हणायचं जुन्या गाडीचे ब्रेक वाईट.

ओढाताण

नमस्कार, मध्येच बोलतो, माफ करा. पहिलीच गाडी घेतोय, रविवारी एक बारा वर्षांची बघायला जाणार आहे. मालकाने फोटो पाठवलेत, त्यात इंजिन ऑईलच्या झाकणाच्या आतून फिकट पिवळा, सायीसारखा थर दिसतोय. तो म्हणतो सगळ्यांना असतो. खरंय का?

मधला_बाक

हेड गॅस्केट. पळा.

डिपस्टिक

पळू नका. हे "पळा" म्हणणं म्हणजे शिंक आली की न्यूमोनिया झाला म्हणणं आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. पण गाडी रोज दोन-दोन किलोमीटर फिरवून बंद करत असाल, त्यात थंडी असेल, तर वाफ सगळ्यात गार जागी जाऊन बसते, आणि गार जागा म्हणजे वरचं झाकण. तिथं ऑईलमध्ये घुसळून तिचं लोणी होतं. इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी पीसीव्ही झडप तुंबली असेल तर अजूनच.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधली सील, गेलं असेल तर झाकण सोडा, डिपस्टिकवरच (ऑईल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑईल येतं, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत राहतं, गाडी तापते, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. यातलं काही आहे का ते बघा.

मधला_बाक

सर, माझ्या गाडीत यातलं एकही नव्हतं. डिपस्टिक स्वच्छ, धूर नाही, फक्त झाकणावर साय. मीही कुठंतरी हेच वाफेचं प्रवचन वाचून गाडी घेतली. सातव्या आठवड्यात चढावर तापमानाचा काटा लाल रेघेवर. हेड उतरवलं तर वर ठेवलेल्या सरळ पट्टीखालून उजेड दिसत होता, म्हणजे हेड वाकलेलं. दुधाने तोंड पोळलंय माझं, मी ताकही फुंकणार.

डिपस्टिक

तुमच्या गॅस्केटला सिलिंडरमधून कूलंटकडे वाट झाली असेल, ऑईलकडे नाही. मग ऑईल स्वच्छच राहणार आणि ती साय खरंच वाफेची असणार. म्हणजे झाकण तुम्हाला खोटं बोललं नाही, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलात.

मधला_बाक

झाकणाशी माझं बोलणं होत नाही. तुमचं होत असेल.

हिशेबी

मी मागच्या वर्षी माझी तेरा वर्षांची गाडी विकली. अशीच साय होती, कारण आमचं ऑफिस घरापासून दीड किलोमीटरवर. गिऱ्हाईक यायच्या आधी फडक्याने झाकण पुसून ठेवलं. पहिली दोन गिऱ्हाइकं झाकण बघून परत गेली होती, तिसऱ्याने घेतली. गाडी आजही चालतेय. सांगायचा मुद्दा, अर्धवट ज्ञानामुळे चांगली गाडी पडून राहते.

कोरी_करकरीत

थांबा थांबा. पुसून ठेवलं?

हिशेबी

हो. गाडी धुवून, आतून व्हॅक्यूम करूनही ठेवली होती. तोही गुन्हा का?

कोरी_करकरीत

माझ्या बेल्टवाल्यानेही मला "काळजी नको" असंच सांगितलं होतं, त्याच्या दृष्टीनेही ती "चांगली गाडी"च असणार. धूळ झटकणं वेगळं आणि खूण पुसणं वेगळं. समोरचा माणूस ज्या गोष्टीवरून निर्णय घेणार हे तुम्हाला माहीत होतं, तीच गोष्ट तुम्ही काढून टाकलीत. दोघं झाकण बघून परत गेले म्हणूनच पुसलंत ना?

हिशेबी

कारण दोघंही चुकत होते! माझी गाडी ठणठणीत होती. मी रोग लपवला नाही, अफवा पुसली.

मधला_बाक

"अफवा पुसली" 😂 माझ्या विकणाऱ्यानेही कशाकशावरची अफवा पुसली असेल कुणास ठाऊक.

चौथा_गिअर

मंडळी, धागा हेड गॅस्केटचा नव्हता.

डिपस्टिक

हिशेबी, इथं मी तुमच्या विरोधात आहे, आणि कोरी_करकरीत यांच्याशी सहमत व्हायला मला किती त्रास होतोय ते फक्त मलाच माहीत. गाडी ठणठणीत होती हे तुम्हाला कशावरून कळलं? कूलंटमध्ये जळका गॅस येतो का हे बघायची टेस्ट असते, निळं पाणी असतं, गॅस लागला की पिवळं पडतं. दहा मिनिटांचं काम. ती करून, निकाल दाखवून, साय तशीच ठेवून "ही यामुळे आहे" सांगितलं असतंत तर तिसऱ्याने काय, दुसऱ्यानेच घेतली असती. तुम्ही टेस्ट केली नाहीत, फडकं घेतलंत. तुमचा अंदाज बरोबर निघाला एवढंच.

हिशेबी

घेणाऱ्याला डोळे नसतात का? त्याने टेस्ट मागावी. तोही मला "बंपरला ओरखडा आहे, टायर संपलेत" सांगून भाव पाडत होताच की, टायर पाच महिन्यांचे होते! त्याच्या खोट्याला घासाघीस म्हणायचं आणि माझ्या फडक्याला फसवणूक. वा. इथले सगळे हरिश्चंद्र गाड्या विकताना काय करतात ते बघायला आवडेल.

चौथा_गिअर

मी सांगतो काय करतात, कारण याआधीची गाडी मीच विकली. गरम झाल्यावर दुसरा गिअर पडताना करकर करायची, गिअर सहज पडावा म्हणून असतो तो सिंक्रो गेलेला. गिऱ्हाइकाला गाडीत बसवलं, वीस मिनिटं फिरवली आणि मुद्दाम तोच आवाज काढून दाखवला. बायको मागे बसून माझ्या खांद्याला चिमटे काढत होती. त्याने भाव पाडला, बराच पाडला. झोंबलं. पण नंतर त्याचा एकही फोन आला नाही, आणि त्याच्या मेहुण्याला गाडी हवी होती तेव्हा त्याने मलाच विचारलं, तुमची आत्ताची विकायची आहे का.

हिशेबी

म्हणजे भाव पाडून घेतलात आणि त्याबद्दल मेहुणा मिळाला. अभिनंदन.

कोरी_करकरीत

😄 हे मात्र चांगलं होतं.

बरं चौथा_गिअर, तुमचा मूळ मुद्दा. ज्याला त्याच्या गाडीचा इतिहास पाठ आहे, जो बेल्टची तारीख लिहून ठेवतो, त्याने सतरा वर्षं ठेवली तर हिशेब बसत असेल, मानलं. निम्म्या किमतीचा माझा नियम मी तुमच्यासारख्यांपुरता मागे घेते. पण असे लोक किती? बाकीचे "चालतेय ना" म्हणून चालवतात आणि बेल्ट माझ्यासारखीच्या वाट्याला येतो. आणि कोरोलाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

चौथा_गिअर

नाही दिलं, कारण माझ्याकडे नाही. दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, ईएससी (गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही, आणि ते नंतर बसवता येत नाही. चांगले टायर आणि ताजं ब्रेक ऑईल ठेवून टक्कर टळायची शक्यता वाढते, पण टक्कर झालीच तर पत्रा सतरा वर्षांपूर्वीच्या डिझाइनचाच. मुलगी कॉलेजला एकटी गाडी नेते म्हणाली तेव्हा तिला ही दिली नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

मधला_बाक

म्हणजे स्वतःसाठी चालते, पोरीसाठी नाही. नोंद घेतली.

चौथा_गिअर

घ्या. त्याचं मला वाईट वाटत नाही.

ओढाताण

मला कुणी सांगेल का रविवारी काय करू?

डिपस्टिक

अरे हो. मालकाला आदल्या दिवशी सांग की इंजिन थंड पाहिजे, मी यायच्या आधी सुरू करू नका. गेल्यागेल्या बॉनेटला हात लाव. मग डिपस्टिक, मग कूलंटचं झाकण (थंड असतानाच उघड, गरम असताना तोंड भाजेल), मग स्टार्ट करताना कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं कर. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. मीटरवर विश्वास ठेवू नकोस, क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंग बघ, सत्तर हजार म्हणतोय आणि रबर गुळगुळीत असेल तर समज. स्कॅनर लावलास तर फक्त "फॉल्ट नाही" एवढं बघू नकोस, मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, "रेडी" आहेत का ते बघ. बरेचसे नसतील तर बहुतेक कालपरवा कुणीतरी फॉल्ट पुसलेत.

मधला_बाक

किंवा अफवा.

हिशेबी

मी धाग्यातून बाहेर पडतो. शुभेच्छा.

ओढाताण

जाऊन आलो. सकाळी सातला पोचलो, बॉनेट गरम होतं. झाकण चकचकीत. मी काही न बोलता परत आलो.

हिशेबी

असेल की, सकाळी मुलाला क्लासला सोडून आला असेल. विचारलंस तरी का?

ओढाताण

नाही विचारलं. विचारायला हवं होतं का?

डिपस्टिक

हो.

कोरी_करकरीत

नाही.